पिंप (१) – रु. १००

काल सकाळी सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल आलं. दाराच्या कडीत सुरळी करून खोचलेलं. पाणीपट्टी, सिंकिंग फंड, लिफ्ट, वॉचमन, सगळं नेहमीचं. आणि तळाला, छापील रकान्यात बसेना म्हणून हातानं, निळ्या शाईत: 'पिंप (१) – रु. १००'.

शंभर रुपयांचं मला काही नाही. (आहे, पण ते नंतर.) डोक्यात गेला तो कंसातला एक. म्हणजे उद्या दुसरं आणलंस तर त्याचेही घेऊ, अशी आत्ताच सोय करून ठेवलीय.

पिंप कसं आलं ते थोडक्यात. २०२४च्या नोव्हेंबरात स्वीडनच्या सरकारनं घरोघर पुस्तिका पाठवली: युद्ध झालं, संकट आलं, तर घरात काय काय असावं. मार्च २०२५मध्ये युरोपीय महासंघ म्हणाला, प्रत्येकानं ७२ तास निभेल एवढा शिधा ठेवा. २८ एप्रिलला स्पेन आणि पोर्तुगाल वीज जाऊन भरदिवसा बंद पडले. गाड्या जागच्या जागी, सिग्नल मेलेले. ७ मेला आपल्याकडे देशभर मॉक ड्रिल. हे सगळं मी रात्री अंथरुणात, मोबाइलच्या उजेडात वाचत होतो, आणि रात्री दीड वाजता माणूस जे वाचतो ते त्याला खरं वाटतं. सकाळी उठून यादी केली. तांदूळ ३० किलो, तूरडाळ, गूळ, मीठ, मेणबत्त्या, काड्यापेट्या, जखमेच्या पट्ट्या, हातानं फिरवायचा रेडिओ. आणि २०० लिटरचं निळं पिंप. प्यायला-शिजवायला माणशी रोजचं चार लिटर धरलं तर आमच्या चौघांना बारा दिवस.

पिंप धारावीतून आणलं, जुनं. तिथं ती धुऊन विकतात. विकणारा म्हणाला, 'सरबताच्या कारखान्यातलं आहे, एकदम खाण्यातलं.' ते खरंच होतं. सोड्यानं घासलं, चिंचेनं घासलं, दोन दिवस उन्हात पालथं घातलं. तरी झाकण काढून नाक नेलं की आंब्याच्या इसेन्सचा असा भपकारा यायचा की डोळ्यांत पाणी. त्यात पाणी भरलं तर पाण्याला हापूसचा वास. चव मात्र पिंपाची.

बायकोनं एकच प्रश्न विचारला. 'भरलंस. काढणार कसं?'

दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. ते कलंडत नाही. तांब्या बुडवावा तर झाकणाचं तोंड माझ्या मुठीएवढं. मग नळी आणली, एक टोक आत, एक टोक तोंडात, आणि ओढलं. साठवणीच्या कौशल्यांपैकी हे मी पहिलं शिकलो: नळीत पाणी कुठवर आलंय ते पारदर्शक नळीतच दिसतं. माझी हिरवी होती. बाकीची कौशल्यं अशी की, बारदानाच्या सुतळीला तीन तऱ्हेच्या गाठी मारता येतात, त्यातल्या दोन सुटत नाहीत. ग्रिलमध्ये मेथी लावली, ती कबुतरांनी खाल्ली. तूरडाळीला एरंडेल चोळायला मात्र छान जमतं, ते आईनं फोनवर सांगितलं. रॉकेलच्या स्टोचंही शिकणार होतो, पण रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं त्याला आता जमाना झाला.

त्यात डेंग्यूचा डास. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवड्या-दहा दिवसांत उडायला लागतो. म्हणून दर रविवारी पिंप रिकामं करा, घासा, पुन्हा भरा. जगबुडी शनिवारी रात्री आली तर ठीक. रविवारी सकाळी अकरा ते साडेबाराच्या दरम्यान आली तर आम्ही कोरडे.

पिंप बाथरूमच्या दारातून आत जाईना म्हणून ते पॅसेजमध्ये, आमच्या चपलांच्या कपाटाशेजारी आलं. आणि तिथंच सगळं फिसकटलं.

कारण या विषयातले जे जाणकार आहेत, अमेरिकेतले वगैरे, त्यांचा पहिला नियम: साठा गुप्त ठेवा. कुणालाही सांगू नका. संकटात शेजारी दारावर येतात. आता हे लोक राहतात कुठं? जंगलाच्या कडेला, सर्वांत जवळचं घर दोन मैलांवर. मुंबईत गुप्त? ३० किलो तांदूळ लिफ्टनं चढवताना वॉचमन म्हणाला, 'साहेब, लग्न कुणाचं?' दुसऱ्या मजल्यावर काकू आत आल्या, गोणीकडे बघून म्हणाल्या, 'सत्यनारायण का?' आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आणखी पाच घरी जातात. संध्याकाळपर्यंत अख्ख्या विंगला तांदूळ कोलम आहे हेसुद्धा माहीत होतं.

मागच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. विषय पत्रिकेवर चौथा: 'ब विंग, पॅसेजमधील पिंपाबाबत.' मला वाटलं, आगीच्या वेळी वाट अडते म्हणून हलवायला सांगतील. तयारीनं गेलो होतो. पण खजिनदारकाका उभे राहिले. बँकेतून निवृत्त, वय बहात्तर, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि हातात लाल कडांची वही. माझ्याकडे बघून हसले. प्रेमानं. तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

'तांदूळ किती आहे रे तुझ्याकडे?'

'काका, ते घरचं...'

'तीस किलो ना? तीसच ऐकलं मी.' वहीत लिहिलं. 'आपल्या विंगमध्ये सोळा घरं. माणसं एकसष्ट. पाळण्यातलं एक धरलेलं नाही. एका वेळी माणशी शंभर ग्रॅम कोरडा तांदूळ धरू. म्हणजे एका जेवणाला सहा किलो शंभर.'

सभा शांत. मेंटेनन्स वाढीच्या वेळी इतकं लक्ष कुणी देत नाही.

'समजा रविवारी दुपारी सगळं बंद पडलं. रविवार दुपार, रविवार रात्र, सोमवार दुपार, सोमवार रात्र. चार जेवणं, चोवीस किलो चारशे. मंगळवारी दुपारी उरतात पाच किलो सहाशे. अर्धा किलो कमी पडतोय.' त्यांनी चष्म्यावरून सभेकडे बघितलं. 'मंगळवार कोण कोण करतं?'

हात वर झाले. मी शपथेवर सांगतो, हात वर झाले. एक, दोन, तिसऱ्या मजल्यावरच्या सासूसुना धरून चार, आणि स्वतः काका.

'पाच! पाच शंभरं पाचशे. जमलं!' त्यांनी वहीत रेघ मारली आणि तिच्याखाली दुसरी. कुणीतरी टाळी वाजवली.

मी म्हटलं, 'काका, हा तांदूळ माझा आहे.'

'हो तर! तुझाच आहे. नावावर तुझाच राहणार.' पान उलटलं. 'साबुदाणा किती आहे?'

'नाही.'

'अजिबात?'

'अजिबात.'

'मग हे पाच जण मंगळवारी काय खातील?' आणि ते सभेकडे वळून, माझी बाजू घेतल्यासारखं, हळू आवाजात म्हणाले, 'उत्साह आहे मुलात. अनुभव कमी पडतो.'

मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.

मग पाण्याचा हिशेब झाला. दोनशे भागिले एकसष्ट, माणशी सव्वातीन लिटर, म्हणजे एक दिवसही धड नाही. त्यावर 'आंब्याचा वास येतो म्हणे' असा मागून आवाज, त्यावर 'उपासाला चालतं का ते बघावं लागेल.' शेवटी ठराव झाला: पिंप राहू द्यावं, कारण ते विंगच्या उपयोगाचं आहे, आणि सामाईक जागा वापरल्याबद्दल सदस्याकडून दरमहा शंभर रुपये घ्यावेत, कारण ते सदस्याचं आहे. सर्वानुमते. माझा हात खाली होता, पण सर्वानुमतेच लिहिलं.

आता ते शंभर रुपयांचं. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली. लोकल उभ्या, शाळेच्या ऑनलाइन परीक्षा अर्ध्यावर. आपलं पाणी येतं कुठून? शहापूर तालुक्यातून, भातसा, तानसा, शंभरेक किलोमीटर पाइपातून. ते येतंही बिचारं. येऊन आमच्या खालच्या टाकीत पडतं आणि तिथून गच्चीवर चढायला त्याला पंप लागतो. पंपाला वीज लागते. दुपारपर्यंत गच्चीतली टाकी संपली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, हिपच्या ऑपरेशननंतरच्या, कमोडला पाणी नाही. मी खालच्या टाकीतून बादली भरून चौथ्या मजल्यावर नेली. अकरा खेपा. सहाव्या खेपेला खजिनदारकाका जिन्यात भेटले, म्हणाले, 'अर्धी आमच्याकडे ठेवतोस?' ठेवली.

त्याच महिन्यात मी सोसायटीला लेखी दिलं: पंपापुरता तरी जनरेटर घ्या. कोटेशनही जोडलं. इतिवृत्तात आजही आहे ते, 'विषय पुढील सभेत घ्यावा.' पुढली सभा झाली, त्यापुढली झाली, गेटला नवा रंग झाला, नावांच्या पाट्या पितळी झाल्या. जनरेटर पुढच्या सभेतच आहे. मग एका माणसानं स्वतःच्या पैशानं पिंप आणलं तर त्यावर चाळीस मिनिटं चर्चा.

आणि कुणी मला मुंबईच्या स्पिरिटचं सांगू नये. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, मी कुर्ल्याहून मुलुंडला छातीभर पाण्यातून चालत आलोय. वाटेत एका चाळीतल्या बाईंनी मला हाक मारून चहा आणि पार्ले दिलं, नाव न विचारता. ते मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या बाईंच्याही घरात पाणी शिरलेलं होतं, गॅस त्यांनी माळ्यावर चढवून पेटवला होता. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्यांचंच कौतुक. नाला कुणी बुजवला ते विचारायचं राहूनच जातं.

असो. बिल हातात घेऊन दिवसभर धुमसलो. खाली जाऊन भांडायचं ठरवलं, वाक्यंसुद्धा तयार केली. तोवर संध्याकाळ झाली. शनिवार. साडेसातला फट् करून दिवे गेले.

पंखा थांबला. मुलगी आतून ओरडली. मी मेणबत्ती शोधतोय, काड्यापेटी सापडत नाहीये (बारा आणल्या होत्या), तेवढ्यात दारावर टकटक. उघडलं तर खजिनदारकाका. एका हातात टॉर्च, बगलेत लाल कडांची वही. चार मजले चढून आल्यानं धाप लागलेली.

'सुरू झालं का रे?'

'काका, फ्यूज उडाला असेल.'

'असेल, असेल.' ते आत येऊन सोफ्याच्या कडेवर बसले, टॉर्च मानेत धरला आणि वही उघडली. 'पण आपला हिशेब रविवार दुपारपासूनचा होता. आता शनिवार रात्र पहिली धरली, तर पाचवं जेवण येतं सोमवारी रात्री. मंगळवारवाले पाचही जण त्याला जेवायला आहेत. आणि वरून सोमवारवाले. ते रात्री उपास सोडतात, बाबा. शंभर ग्रॅममध्ये ऐकत नाहीत ते.' पेन काढलं. 'साडेसहा किलोच्या खाली जाणार नाही.'

मी बिल शोधत होतो. अंधारात कुठं ठेवलं ते आठवेना.

तेवढ्यात दिवे आले. फ्रिज घुरघुरला, खाली पंप सुरू झाल्याचा आवाज आला. काका टॉर्च चालूच ठेवून थोडा वेळ छताकडे बघत राहिले.

'आले वाटतं,' म्हणाले, जरा हिरमुसून. वही मिटली. दारात चपला घालताना एक हात पिंपावर टेकवला, झाकण घट्ट आहे का बघितलं.

'तरी दोन किलो आणून ठेवच.'