पिशवी सगळी घेऊन जायची

आमच्या घरी औषधांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. गेल्या महिन्यात तो कॉटवर उपडा केला आणि डोकं धरून बसलो. कात्रीनं कापलेले पट्ट्यांचे तुकडे नुसते. कशावर नाव नाही, कशावर तारीख नाही. चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कापून देतो, आणि नाव-तारखेचा तुकडा बऱ्याचदा त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहतो.

डबा उपडा करायची वेळ आली ती आण्णांमुळं. वय ७१, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. टेल्मिसार्टन, आणि त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा, दोनच्या वर गेलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" आण्णा म्हणाले, "काय न्हाई."

खोटं बोलत नव्हते ते. मळ्यातनं आलं की गुडघा धरतो, म्हणून कोपऱ्यावरनं "अंगदुखीची" आणायची, सकाळ-संध्याकाळ एकेक. दोन महिने. पण त्यांच्या हिशेबी ते औषधच नव्हे, चहासारखं काहीतरी! डब्यात निघालं डायक्लोफेनॅक.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं ते मला पटकन कळलं. किडनीच्या गाळणीत रक्त एका नळीनं येतं, दुसरीनं जातं. दुखण्याची गोळी येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन जाणारी सैल सोडतं, म्हणजे गाळणीतला दाब आणखी पडतो. तिसरं औषध अंगातलं पाणी कमी करतं, वर एप्रिलचं ऊन आणि दिवसभर उसात. तिन्ही औषधं एकेकटी चांगली, पण एकत्र आली की किडनीचं काही खरं नाही. दुखण्याची गोळी बंद केल्यावर तीन आठवड्यांत आकडा खाली आला, पूर्ण नाही आला.

हेच डायक्लोफेनॅक पूर्वी जनावरांना टोचायचे. तसली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या आणि गिधाडं संपत आली. शेवटी २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हे आण्णांना सांगितलं तर म्हणतात, "मी काय गिधाड हाय व्हय?" बरोबर आहे, नाहीत. तब्येत बघून चार दिवस दिली तर माणसाला ही गोळी कामाचीच. पण पट्टीवर उभी लाल रेघ असते ती नक्षी नव्हे. ती गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नसते. आणि आपल्याकडं गल्लीत कुठंही मागा, "किती देऊ?" एवढंच विचारतात.

याच्या उलट आमची मावशी. बीपीसाठीच्या अॅम्लोडिपिननं घोट्याला सूज आली. या गोळीचा हा नेहमीचा त्रास आहे. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मावशीनं मोबाईलवर साइड इफेक्टची यादी वाचली आणि गोळीच सोडली, कुणाला न सांगता. सूज उतरली, बीपी १९०. मला विचाराल तर या दोघांत मावशी जास्त धोक्यात होती. यादीत लिहिलेलं सगळं सगळ्यांना होत नाही, आणि झालंच तर डॉक्टरला फोन करायचा असतो. तोंडावर सूज, अंगभर पित्त, श्वासाला त्रास, असं काही झालं तर मात्र फोनवर बोलत न बसता थेट दवाखाना.

नवरात्रात तर दरवर्षी एकतरी बघायला मिळतं. नऊ दिवस कडक उपवास, आणि सकाळची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी डायबेटिसची गोळी, मात्र इमानानं चालू. मग घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधार. घरचे म्हणतात उपवास बाधला. बाधली असते रिकाम्या पोटी घेतलेली गोळी. उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरला विचारलं तर डोस बदलून देतात.

सर्दीच्या आणि तापाच्या वेगवेगळ्या रंगांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल असतं, हेही कुणी बघत नाही. धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला चार ग्रॅमच्या वर नको, लिव्हर जातं. रोज दारू प्यायला बसणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं.

डॉक्टरांवरही राग आहे माझा. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, आत तीन मिनिटं. "आणखी काय घेता" याऐवजी "गुडघा दुखला की काय घेता" असं विचारलं असतं तर आण्णांनी घडाघडा सांगितलं असतं. म्हणून आता आम्ही चिठ्ठी नाही, पिशवीच नेतो. काढे, चूर्ण, मलम, सगळं. आणि औषधानं त्रास झाला तर आपण स्वतःसुद्धा कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरवर, फुकट. औषधांच्या त्रासाची नोंद ठेवायचा हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि मला मागच्या महिन्यात कळलं.

परवा शेजारचे तात्या गुडघा चोळत आले. "आण्णा, ती तुजी गोळी हाय का एखादी?"

आण्णा पेपरातनं मान वर न काढता म्हणाले, "बीपीची कुठली घेतोस? जा, पिशवी घेऊन ये आदी."