गणपतराव देशमुखांच्या नावानं फिरणारा तो मेसेज आणि १९२ मतं

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला एका दिवसात चार ठिकाणांहून आला. गावचा ग्रुप, सांगलीतल्या आमच्या लाइनच्या दुकानदारांचा ग्रुप, दहावीची बॅच, आणि वर मेव्हण्यानं पर्सनलला पण टाकला, "दाजी, तुमच्याकडचंच की हे" म्हणून. मेसेज थोडक्यात असा: सांगली जिल्ह्याचे आबा गणपतराव देशमुख, सलग ११ वेळा आमदार, आयुष्यात एकदाही हरले नाहीत, ५८ वर्षं विधानसभेत म्हणजे देशातला विक्रम, मंत्रिपद कधी घेतलं नाही, शिक्षण जेमतेम, दुष्काळी भागाला एकट्यानं पाणी आणलं, कायम लाल डब्यातनं प्रवास, घरातल्या कुणाला राजकारणात आणलं नाही, असा आमदार होणे नाही, पुढे पाठवा. खाली दोन फोटो. एक गणपतरावांचा आणि दुसरा चक्क आर. आर. पाटलांचा.

आता माणूस मोठा होता यात वादच नाही. मी काय त्यांच्या विरोधातला नाही, उलट माझं आजोळच सांगोला तालुक्यातलं आणि मामा कट्टर शेकापवाला, म्हणजे गणपतरावांच्याच शेतकरी कामगार पक्षाचा. म्हणूनच वाचून डोकं फिरलं. एवढ्या ओळींत धड बरोबर म्हणाव्यात अशा गोष्टी दोन-तीनच, बाकी सगळी भर.

आधी ते "सांगली जिल्ह्याचे आबा" बघू. आमच्या जिल्ह्यात आबा म्हटलं की अंजनीचे आर. आर., तासगावचे. १९९० पासनं २०१४ पर्यंत सहा वेळा सलग निवडून आले, फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले. गणपतराव सांगोल्याचे, सांगोला सोलापूर जिल्ह्यात, तिकडं त्यांना आबासाहेब म्हणायचे आणि पक्षातले लोक भाई म्हणायचे. नावं सारखी वाटतात म्हणून सांगोला सांगलीत घालणारी माणसं मी बघितलीत, त्यांना माफ करायला पाहिजे, कारण आमच्या आटपाडीकरांचं निम्मं जगणं तिकडंच असतं. जिल्ह्याच्या गावाला कामासाठी जायचं तर अख्खा दिवस मोडतो, सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार मात्र हाताशी, सोयरीकी तिकडं, माण नदी पण आमच्यातनं तिकडंच वाहत जाते, जेव्हा वाहते तेव्हा. पण म्हणून जिल्हा बदलत नाही.

आता मेन मुद्दा. "सलग ११ वेळा, एकदाही हरले नाहीत."

११ वेळा बरोबर. सलग चूक. एकदाही हरले नाहीत हे तर साफ खोटं, दोनदा हरले. यादी सरळ आहे, १९६२ आणि १९६७ ला जिंकले, १९७२ ला काँग्रेसच्या लाटेत पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग १९७८, १९८०, १९८५, १९९०, मग १९९५ ला पडले आणि त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा बोटावर, अकराच होतात, पण मधे दोन खड्डे आहेत. सलग म्हणायचं तर त्यांची सगळ्यात लांब माळ पाच विजयांची, १९७४ ते १९९०. आणि सलगचाच मान द्यायचा असेल तर तो आमच्याच भागात इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडं जातो, १९९० ते २०२४ सलग आठ, नाहीतर कराड दक्षिणच्या विलासकाका उंडाळकरांकडं, १९८० ते २००९ सलग सात. म्हणजे मेसेजवाल्यानं गणपतरावांना जे दिलंय ते त्यांचं नाहीच, आणि जे त्यांचं होतं ते काढून घेतलंय.

कारण १९९५ ची निवडणूक म्हणजे सांगोल्यात अजून सांगतात अशी गोष्ट आहे. १९२ मतांनी पडले. एकशे ब्याण्णव. पाडलं कुणी तर शहाजीबापू पाटलांनी, तेव्हा ते काँग्रेसकडनं होते. आताच्या पोरांना शहाजीबापू म्हणजे २०२२ चे "काय झाडी, काय डोंगर" एवढंच माहीत, त्याच्या आधी सत्तावीस वर्षं या माणसानं गणपतराव देशमुखांना हरवलं होतं हे सांगितलं तर दुकानातलं पोरगं म्हणालं, चेष्टा करताय का.

मी तेव्हा शाळेत होतो आणि आजीच्या वर्षश्राद्धाला मामाकडं गेलो होतो. मामानं निकालाच्या आदल्या दिवशीच गुलालाची पाच किलोची पिशवी उधारीवर आणून ठेवली होती. तेव्हा कागदाच्या मतपत्रिका, शिक्का मारायचा, बाद मतांवरनं टेबलाटेबलाला भांडणं, त्यामुळं निकाल कळायला रात्र व्हायची. वस्तीवर फोन नव्हता. शेवटी एकजण एम-एटी वरनं सांगोल्याहून आला, लांबनंच हॉर्न वाजवत यायचा तो गप आला आणि गाडी स्टँडला लावूनच बोलला. मामानं आकडा तीनदा विचारला, "हजार का शे?" म्हणून. नंतर कितीतरी महिने त्याचं एकच गणित चालू होतं, तालुक्यात शंभराच्या आसपास गावं, म्हणजे गावामागं दोन मतं पण नाहीत, आपल्याच वस्तीवरची चौघं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर केरळात आणि ती आली नाहीत, असं करून करून तो आकडा स्वतःवरच ओढून घ्यायचा. गुलालाची पिशवी फळीवर गेली. १९९९ ला खाली काढली तर दगड झाला होता, मामीनं वरवंट्यानं फोडून दिला आणि तोच उधळला.

एवढं सगळं "एकदाही हरले नाहीत" या तीन शब्दांत पुसलं. तेव्हा ते सत्तरीला आलेले, बाकीचा कुणी असता तर घरी बसला असता नाहीतर सत्तेतल्या पक्षात गेला असता, हे शेकापमध्येच राहिले आणि परत चारदा निवडून आले. पक्ष कधी बदलला नाही हे मात्र खरं आणि ते त्या मेसेजमध्ये नाहीच. गंमत बघा.

मग ५८ वर्षं. हा आकडा कुठनं आला माहीत नाही, बहुतेक १९६२ पासनं शेवटपर्यंत सरळ वजाबाकी आणि वर एखादं वर्ष टोपी म्हणून. १९६२ ते १९७२ दहा, १९७४ ते १९९५ एकवीसच्या आत-बाहेर, १९९९ ते २०१९ वीस. बेरीज पन्नास-एक्कावन्न. त्यातही १९७८ ला निवडून आलेली विधानसभा १९८० ला बरखास्त झाली, म्हणून दोन वर्षांत दोन निवडणुका लढाव्या लागल्या. पन्नास वर्षं कमी आहेत काय? आठ वर्षं वरनं ओतायची गरजच काय होती.

आणि "देशातला विक्रम". महाराष्ट्रात अकराचा आकडा अजून कुणी गाठलेला नाही, तिथपर्यंत ठीक. देशाचं म्हणाल तर करुणानिधी तमिळनाडूत १३ वेळा निवडून आले, १९५७ पासनं २०१६ पर्यंत, आणि ते खरंच एकदाही हरले नाहीत. मतदारसंघ मात्र बदलत राहिले. मग कुणीतरी म्हणणारच की आबासाहेबांचं सगळं एकाच मतदारसंघातनं. तर केरळात के. एम. मणी, एकाच पाला मतदारसंघातनं १९६५ ते २०१६, १३ वेळा, तेही सलग. (१९६५ ची ती विधानसभा बसलीच नाही, ती धरली नाही तरी बारा उरतात.) त्याच राज्यात ओमन चंडी, पुतुपल्लीतनं सलग १२. आमच्या खानापूर-आटपाडीतली निम्मी पोरं गलाईसाठी केरळ-तमिळनाडूत आहेत, हा मेसेज पुढं ढकलायच्या आधी त्यातल्या एकाला फोन केला असता तरी कळलं असतं.

"मंत्रिपद घेतलं नाही." घेतलं, दोनदा. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात होते, आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी खातं त्यांच्याकडं होतं, २००२ ला शेकाप सरकारमधनं बाहेर पडला तोवर. यात लपवण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. रोजगार हमी ही योजना आमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागेंच्या डोक्यातनं आलेली, पुढं त्याच योजनेतनं फळबागांना पैसे मिळायला लागले आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब दिसायला लागलं, म्हणजे दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला ते खातं मिळणं ही चांगलीच गोष्ट झाली की. पण लोकांना कसं, साधा माणूस म्हणजे त्याला खुर्ची शिवलेलीच नसली पाहिजे.

शिक्षण जेमतेम? पुण्यात शिकलेले वकील होते. झालं, पुढं.

पाण्याचं जरा नीट सांगतो, कारण इथं आमच्याकडं भांडणं लागतात. टेंभू योजना कराडजवळ टेंभू गावात कृष्णेचं पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ करत सांगोल्यापर्यंत नेते. आता विट्यात विचारा, लोक सांगतील की अनिलभाऊ बाबरांनी आणली. कडेगावात पतंगराव साहेबांचं नाव निघतं. सांगोल्यात आबासाहेब. प्रत्येक कॅनॉलला एक फ्लेक्स आहेच. पण ज्या गोष्टीनं हे सरकारच्या टेबलावर ठेवायला लावलं ती आटपाडीची पाणी परिषद, १९९३ पासनंची, तेरा दुष्काळी तालुक्यांची. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही माणसं पुढं होती. नागनाथअण्णांचा स्वतःचा भाग बागायती, कारखाना उभा केलेला, त्यांना आमच्या माळावर यायची काय गरज होती, पण आले. आणि पाणी नुसतं आणायचं नाही तर सगळ्यांना सारखं वाटायचं, समन्यायी, हा आग्रह तिथलाच, पुढं त्याला लोक आटपाडी पॅटर्न म्हणायला लागले.

मला वडिलांनी एका परिषदेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं नेलं होतं. भाषणातलं मला काही आठवत नाही, खरं सांगतो, शेंगाची चटणी, बाजरीची भाकरी आणि सगळ्यांच्या पायावर चढलेली पांढरी धूळ आठवते. ट्रॉलीत चाळीस माणसं असतील, निम्म्या बायका. परत येताना डिझेल संपलं म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढली. अशा शेकड्यानं ट्रॉल्या वर्षानुवर्षं आटपाडीला आल्या तेव्हा कुठं कागद हलला. "एकट्यानं आणलं" म्हणणं म्हणजे त्या ट्रॉल्या रिकाम्या होत्या असं म्हणणं आहे. आणि पाणी आलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही, वीजबिलाचं लफडं होतं, ते ८१-१९ झालं, म्हणजे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी, तेव्हा जरा पंप सुरळीत फिरायला लागले. आमच्या शेताला अजून आवर्तन वेळेवर येत नाही ते सोडा.

लाल डब्याचं खरं आहे. एसटीनं फिरायचे, सांगोल्याच्या स्टँडवर त्यांना बघितलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. एसटीत पुढं आमदारांसाठी राखीव सीटची पाटी असते बघा, आपण ती जन्मभर वाचतो आणि त्या सीटवर कायम कुणाची तरी कोंबडी नाहीतर कांद्याचं पोतं बसलेलं असतं. ती सीट ज्याच्यामुळं खरंच वापरात आली असा आमदार म्हणजे हे, मामाचा हा ठरलेला जोक. पण "कायम, फक्त एसटीच" असं कशाला करायचं? मंत्री असताना पण लाल डब्यातनंच फिरले काय? जेवढं आहे तेवढं सांगितलं तरी पुरतं की राव.

राहता राहिलं घरातलं. २०१४ ला पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी जिंकले, समोर शहाजीबापूच होते, तेव्हा शिवसेनेकडनं. २०१९ ला वयामुळं उभे राहिले नाहीत आणि शेकापकडनं त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, बापूंनी त्यांना ७६८ मतांनी हरवलं. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब सोलापुरात गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडनंच बापूंना पाडून आमदार झाले. आता याला घराणेशाही म्हणायचं का कार्यकर्त्यांचा हट्ट म्हणायचं यावर आमच्या मामाच्या घरातच दोन तट आहेत आणि जेवणं तशीच राहतात, तो वाद इथं नको. पण "घरातलं कुणी आणलं नाही" हे वाक्य तरी टिकत नाही.

मेव्हण्याला फोन करून हे सगळं सांगितलं, पाऊण तास. त्यानं ऐकून घेतलं, मधे मधे "हां दाजी, हां दाजी" केलं, आणि शेवटी म्हणाला, एवढं कोण वाचतंय, पण फोटोचं तुमचं बरोबर आहे, एक काढून टाकतो. संध्याकाळी मेसेज परत आला. मजकूर तोच, फोटो एकच, आर. आर. पाटलांचा.