कपाटातलं पिस्तूल आणि गणिताचा कागद: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या शाळांमधले हल्ले आणि घरच्यांचं लक्ष या विषयावरच्या माझ्या लेखावर तुम्ही न्यू जर्सीहून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मी बंदुकांचा कायदा आणि शाळेची जबाबदारी सोडून सगळं खापर आईबापांवर फोडलं, त्यातही नोकरी करणाऱ्या आईवर; आणि मुलांची दप्तरं तपासायला लागलो तर घराचं पोलीस ठाणं होईल.

कायद्याबद्दल मी एकच वाक्य लिहिलं होतं. ते कमीच पडलं, हे मान्य. पण कायदा आणि घर अशी फारकत मला करता येत नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची यंत्रणा) 2008 ते 2017 या काळातले शाळांमधले 41 हल्ले तपासले आणि 2019 मध्ये अहवाल दिला. त्यातल्या 25 हल्ल्यांत बंदूक होती आणि बाकीच्यांत चाकूसारखी हत्यारं. बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच उचलली होती. मग उरलेल्या 16 हल्ल्यांचं काय? स्वयंपाकघरातल्या सुरीला कोणता कायदा कुलूप लावणार? तिथे मुलाकडे पाहणारं माणूसच लागतं.

आता मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलच्या गोळीबाराकडे पुन्हा वळू, कारण तुमचा राग मुख्यतः त्याच परिच्छेदावर आहे. 26 नोव्हेंबर 2021 ला वडिलांनी तिथे शिकणाऱ्या आपल्या 15 वर्षांच्या मुलासाठी 9 एमएमचं पिस्तूल विकत घेतलं. 29 तारखेला तो वर्गात मोबाइलवर गोळ्या शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला निरोप ठेवला. त्यावर आईने मुलाला मेसेज केला, त्याचा आशय असा की मी रागावले नाही, फक्त पकडलं जायचं नाही हे शीक. 30 तारखेला सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तूल, गोळी, रक्ताळलेला माणूस आणि 'विचार थांबत नाहीत, मला मदत करा' असे शब्द सापडले. आईवडील दोघेही शाळेत आले. समुपदेशकाने लवकरात लवकर उपचार सुरू करा असं सांगितलं. मुलगा मात्र वर्गात परत गेला आणि ते दोघे कामावर गेले. दप्तर कोणीच उघडलं नाही. दुपारी एकच्या सुमारास त्याने दप्तरातलं तेच पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी मारले गेले.

यात आईची नोकरी आड आली कुठे? बोलावल्यावर ती आलीच होती. चार दिवसांपूर्वी घेतलेलं पिस्तूल आणि समोरचं चित्र यांची सांगड घालून 'ते आत्ता कुठे आहे?' एवढा एक प्रश्न घरच्यांनी विचारायला हवा होता, कारण घरात पिस्तूल आहे हे शाळेला माहीतच नव्हतं. शाळेचीही चूक झाली: दप्तर न पाहता मुलाला वर्गात पाठवलं. तेही लेखात ठळकपणे यायला हवं होतं. 2024 मध्ये ज्यूरीने आई आणि वडील दोघांनाही दोषी ठरवलं आणि प्रत्येकी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात पुढे आलेला एक तपशील मला विसरता येत नाही: पिस्तुलाचं केबल लॉक (पिस्तुलातून ओवून लावायचं तारेचं कुलूप) प्लास्टिकच्या पाकिटात तसंच पडून होतं आणि घरातल्या बाकीच्या बंदुकांच्या तिजोरीचा कोड होता 0-0-0.

ते लॉक लावायला दोन मिनिटं लागतात. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरलेली पेटी, काढायचं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची गोळी बसण्याची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. मग केबल वरच्या खिडकीतून घालून मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर काढायची आणि कुलूप लावायचं. स्लाइड पुढे जातच नाही. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवायच्या. कोडमध्ये कोणाचीही जन्मतारीख नको. कपड्यांखाली लपवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे, मुलांना घरातला प्रत्येक कप्पा ठाऊक असतो. आणि मूल खचलेलं असेल तर हत्यार काही काळ घराबाहेरच हलवावं.

पाळतीच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. चोरून फोन वाचला की मूल दुसरं खातं उघडतं आणि आपल्याला कळायचं ते बंद होतं. बदल मात्र उघड्या डोळ्यांनी दिसतो: झोप उडणं, जिवाभावाचे मित्र तुटणं, जुन्या हल्लेखोरांबद्दल कौतुकाने बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. अबोल मूल म्हणजे धोकादायक मूल, असं मुळीच नाही. कालपर्यंतच्या त्याच्यात आणि आजच्या त्याच्यात काय फरक पडला, ते पाहायचं. आणि विचारायचं ते थेट: 'जीव द्यावासा वाटतो का? कोणाला इजा करावीशी वाटते का?' असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. गाडीत शेजारी बसून विचारलं तर मुलं लवकर बोलतात, कारण तिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही.

आपल्या लोकांची खरी अडचण पुढेच आहे. शाळेला कळवलं तर बोभाटा होईल, कॉलेजच्या अर्जावर डाग पडेल, व्हिसाचं काय होईल, म्हणून गोष्ट घरातच दाबली जाते. पण मुलांच्या धमक्या तपासण्याची, व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेली आणि आता अनेक शाळांत वापरात असलेली पद्धत आधी एवढंच ठरवते की धमकी रागाच्या भरातली आहे की खरोखरची. बहुतेक धमक्या पहिल्या प्रकारच्या निघतात आणि माफी-समजुतीवर मिटतात. काळजी वाटली तर समुपदेशकाला त्याच दिवशी फोन करा आणि आपण काय पाहिलं, काय ऐकलं ते तारखेसकट सांगा. आपला निष्कर्ष नको. आत्महत्येचं बोलणं निघालं तर 988 हा अमेरिकेतला मदतीचा फोन नंबर चोवीस तास चालू असतो. हत्यार हाताशी असेल तर थेट 911, म्हणजे पोलिसांना फोन.

आणखी दोन गोष्टी मूळ लेखात राहून गेल्या होत्या. भारतातून आलेले आजी-आजोबा मूल शाळेतून परततं तेव्हा घरी असतात. डबा न खाता परत येतोय, हे आईबापांच्या आधी आजीला कळतं. तिला 'तुम्हाला इथलं कळत नाही' म्हणून गप्प करू नका. दुसरं, मूल मित्राकडे राहायला जाणार असेल तर शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो त्याच फोनमध्ये विचारा: 'तुमच्या घरी बंदूक आहे का? कुलपात असते ना?' प्रश्न अवघड वाटत असेल तर 'आम्ही सगळ्यांनाच विचारतो' म्हणून सुरुवात करा. समोरच्याला राग आला, तर मुलांना तुमच्याच घरी जमू द्या.