थिबा राजाची समाधी राजवाड्यात नाही

थिबा हा ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा; इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं होतं. तिथल्या थिबा पॅलेसचा फोटो लावून ‘राजा आणि राणी सुपयालत इथल्याच बागेत शेजारीशेजारी विसावलेत’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. राजा १९१६ मध्ये वारला. त्याची समाधी रत्नागिरीतल्याच शिवाजीनगरात, भोवती इमारतींची वस्ती. शेजारची समाधी सुपयालतची नव्हे, तिची धाकटी बहीण आणि राजाची दुसरी राणी सुपयागले हिची. सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली, १९२५ मध्ये रंगूनला वारली आणि तिथेच, श्वेडगॉन पॅगोडाजवळ तिची समाधी आहे. सुपयागलेचं नाव असं पुसलं जाणं मला फार लागतं. शिवाजीनगरला जा, फोटोही काढा, पण चौथऱ्यावर चढून सेल्फी नको. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे श्रद्धांजली वाहायला आले होते.