वही सांभाळणारा माणूस

१३ मार्च १९२०, शनिवार. बंडखोर फौज बर्लिनमध्ये घुसली. एरहार्टची नौदल ब्रिगेड, अनेकांच्या शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेलं. लष्करातल्या वरिष्ठांनी बंडवाल्यांवर बंदूक चालवायला नकार दिला. सरकार रातोरात ड्रेस्डेनला, तिथून श्टुटगार्टला निघून गेलं. वोल्फगांग काप नावाचा नोकरशहा चान्सलर होऊन बसला. आणि बर्लिन न सोडता बंडाविरुद्धच्या संपाची सूत्रं हलवत बसला ५८ वर्षांचा एक कातारी. कार्ल लेगीन.

कातारी म्हणजे खरोखरच, लाकूड कातणारा. लहानपणी पोरका झाला, तोर्नच्या अनाथाश्रमात वाढला. १८९० मध्ये जर्मन कामगार संघटनांचं मध्यवर्ती मंडळ निघालं, त्याची सूत्रं याच्याकडे आली, ती मरेपर्यंत याच्याकडेच राहिली.

या माणसात नाट्य शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. वर्गणी, पावत्या, संपनिधी, आजारपणाचा निधी, आकडेवारी, पत्रव्यवहार. क्रांतिकारी समाजवादी रोझा लक्झेंबर्ग सार्वत्रिक संपाबद्दल तळमळीने लिहीत होती, तेव्हा हा त्याच्या ठाम विरोधात. १९०५ च्या कोलोनच्या अधिवेशनात संघटनांनी ती कल्पना फेटाळूनच लावली. आमच्यासारख्या पोरांनी कॉलेजात पोस्टर कुणाचं लावलं असतं हे सांगायला नकोच!

पण १८९० ला तीनेक लाख असलेले सभासद पहिल्या महायुद्धाआधी २५ लाखांवर गेले, ते या वहीतून. संप म्हणजे घरात पैसा येणं बंद. तेव्हा आधी वर्षानुवर्षं थोडं थोडं साठवायचं आणि मग संपकऱ्याच्या हातात भत्ता ठेवायचा, इतकं साधं. मला हे कळायला वय जावं लागलं, खरं तर आधीच कळायला नको होतं का? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. वडील साचेखात्यात. आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग पितळी घंगाळ. ते मोडीवाल्याच्या तराजूत मावेना म्हणून त्याने पायाने चेपलं, तो आवाज अजून कानात आहे. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्यावर चाळीचा जीव होता, माझ्या वडिलांचाही, आणि त्यांच्याबद्दल वाकडा शब्द मी आजही ऐकून घेत नाही. पण अडीच लाख माणसं बाहेर पडली तेव्हा त्यांच्या मागे पुरेल अशी गंगाजळी नव्हती, हेही खरंच.

लेगीनला मखरात बसवायचं नाही मला. १९१४ मध्ये याच संघटनांनी युद्धकाळात संप न करण्याचं मान्य केलं आणि लाखो सभासद खंदकांत गेले. ते मी त्याला माफ करत नाही. १५ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धविराम होऊन चार दिवस झाले असताना, ह्यूगो स्टिनेससारख्या धनदांडग्या उद्योगपतीशी करार करून त्याने आठ तासांचा दिवस मिळवला. डाव्यांनी त्याला तडजोडवाला म्हटलं. होताच तो.

म्हणूनच त्या मार्चमधली गंमत. जन्मभर सार्वत्रिक संपाला नाही म्हणणाऱ्याने हो म्हटलं, तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास माणसांनी काम थांबवलं असं मानतात. बर्लिनमध्ये पाणी नाही, वीज नाही, गॅस नाही, ट्राम नाही, वर्तमानपत्र नाही. राइशबँकेच्या, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, अधिकाऱ्यांनी कापला पैसे देण्यास नकार दिला. १७ तारखेला काप पळाला. चार दिवस!

आणि इथे हा कारकून उठून घरी गेला नाही. बंड मोडलं तरी संप चालूच ठेवला, सरकारपुढे मागण्या ठेवल्या, संरक्षणमंत्री नोस्केला जायला लावलं. बाकीच्या मागण्यांवर आश्वासनं मिळाली, त्यातली बरीचशी हवेत विरली. रूर या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातले कामगार हत्यार घेऊन उठले होते, त्यांच्यावर त्याच जुन्या फौजा सोडल्या गेल्या. डिसेंबरमध्ये लेगीन वारला.

बर्लिनच्या प्रेंझ्लाउअर बेर्ग भागात १९२८ ते १९३० मध्ये त्याच्या नावाची वसाहत उभी राहिली. वास्तुरचनाकार ब्रूनो टाउट. अकराशेहून जास्त घरं, कामगार आणि साध्या पगाराच्या लोकांसाठी, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. मी फोटोच पाहिलेत. अंगणाच्या बाजूला प्रत्येक घराला ऐसपैस सज्जा, आत खुर्ची टाकून बसता येईल इतका. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत वडील पाळीवरून आले की आधी आम्हाला गॅलरीत जावं लागायचं, त्यांना पाय पसरता यावेत म्हणून.