मतपत्रिकेच्या तळाशी असलेली न्यायाधीशांची ओळ सोडू नका

कॅलिफोर्नियात मतदार झालेल्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. गव्हर्नर, सिनेटर वगैरे झाले की मतपत्रिकेवर खाली 'जज ऑफ द सुपिरिअर कोर्ट, ऑफिस नंबर अमुक' अशा ओळी येतात, आणि पुष्कळजण तिथे पेन खाली ठेवतात. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतो, म्हणून न्यायाधीश निवडून द्यायचा हेच आपल्याला परकं वाटतं. पण मुलांचा ताबा, घरमालकाशी तंटा, दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला, सगळं याच कोर्टात उभं राहतं. मुदत 6 वर्षांची. विद्यमान न्यायाधीशासमोर कुणी उभं नसेल तर नाव छापतच नाहीत. म्हणजे छापलेल्या ओळीत बहुधा खरोखरची लढत असते.

इथे पक्षाचं नाव नसतं. नावाखाली व्यवसाय लिहितात, तोही साधारण तीन शब्दांत, आणि त्या तीन शब्दांवर निकाल फिरतात. सरकारी वकील पूर्वी तिथे खून, बालअत्याचार असे शब्द घालून भारदस्त बिरुदं लावायचे. 2017 च्या कायद्याने ते बंद केलं. आता अधिकृत हुद्दाच लिहावा लागतो. फार आधी व्हायला हवं होतं.

दुसरी अडचण नावाची. 2006 साली लॉस एंजेलिसमध्ये झिंट्रा जानाव्हस या 20 वर्षं न्यायदान केलेल्या न्यायाधीश हरल्या. काउंटीच्या बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, त्यांना सर्वोच्च श्रेणी दिली होती, आणि बेगलचं दुकान चालवणाऱ्या त्यांच्या प्रतिस्पर्धी लिन ओल्सन यांना 'अपात्र' ठरवलं होतं. परकं वाटणारं लॅटव्हियन नाव नडलं, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी जानाव्हस यांची लगेच फेरनेमणूक केली. उद्या त्या जागी कुलकर्णी किंवा घोरपडे असतील, म्हणून हे आपल्याला जास्त लागायला हवं.

तपासायला अर्धा तास पुरतो. वकिलांना सनद देणाऱ्या स्टेट बारच्या संकेतस्थळावर उमेदवाराचं नाव टाका: सनद कधी मिळाली, शिस्तभंगाची कारवाई झाली का, दोन्ही दिसतं. घटनेनुसार किमान 10 वर्षांची सनद किंवा तितका न्यायाधीशपदाचा अनुभव लागतोच, त्यामुळे नुसत्या वर्षांवर जाऊ नका. कुठल्या प्रकारचे खटले चालवले ते बघा. मग बार असोसिएशनची श्रेणी. मतदार पुस्तिकेत निवेदन नसेल तर गैरसमज नको, मोठ्या काउंटीत ते छापायला उमेदवाराला हजारो डॉलर मोजावे लागतात. पोस्टाने येणाऱ्या शिफारशीच्या रंगीत कार्डांवर नावापुढे तारा असेल तर ती जागा पैसे देऊन घेतलेली असते. अमुक खटल्यात अमुक निकाल देईन असं वचन देणारा उमेदवार माझ्या मते तिथेच बाद; आचारसंहितेलाही ते मान्य नाही.

एवढं करून काही कळलं नाही तर ओळ रिकामी ठेवा. बाकीची मतं बाद होत नाहीत. नावाच्या ओळखीवर खूण करू नका.

आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची वाट बघू नका. प्राथमिक फेरीतच निम्म्याहून जास्त मतं मिळाली की निवड पक्की. ही फेरी अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी मार्चमध्ये, एरवी जूनमध्ये. जानाव्हस जूनमध्येच हरल्या होत्या.