स्वारगेट बरं म्हणणाऱ्यांनो

सकाळीच डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज कुणीतरी काठमांडूच्या विमानतळाचा व्हिडिओ टाकला. रांगच रांग, सामानाच्या पट्ट्याभोवती झुंबड, गाठोडी, पुठ्ठ्याची खोकी, दोरीनं आवळलेली. खाली ओळ, "यापेक्षा आपलं स्वारगेट बरं!" त्यावर हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग व्हिडिओतल्या रांगेपेक्षा मोठी. एका काकांनी तर लिहिलं, "बहादूरांचा देश, विमानंही बहादूरच चालवत असणार." काका, आपल्या गेटवर रात्रभर जागणारा माणूस त्याच देशातला आहे. कुरिअर आलं की कळवायला म्हणून आपणच त्याला ग्रुपमध्ये घेतलंय. त्यालाही मराठी वाचता येतं हो.

मला तो व्हिडिओ बघून एकदम तो मुलगा आठवला.

२०२३ चा मे महिना. आम्ही दोघी बहिणी मुक्तिनाथला निघालो होतो, मुंबईहून काठमांडू. खिडकीशी मी, मध्ये ताई, कडेला पंचविशीतला एक मुलगा. आम्हाला काही खाजगी बोलायचं असलं की आम्ही मालवणीत बोलतो, कुणाला कळू नये म्हणून. तर हा शांतपणे विचारतो, "तुमी खंयचे?" आम्ही दोघी गार! त्याचे वडील देवगडला कलमांच्या बागेत राखणीला असायचे. लहानपणी हाही तीन-चार हंगाम तिथेच राहिलेला, बाजारपेठ माहीत, बंदर माहीत. मग पाच मिनिटं हापूसच्या गप्पा झाल्या, आणि ताईनं सहज विचारलं, "आता बाबा कसे आहेत?" तर म्हणाला, "काल रात्री गेले." दोह्यात कामाला होता, निरोप मिळाला तसा निघाला, मुंबईत विमान बदलून आमच्या शेजारी येऊन बसला होता. घर बुटवलला. घरचे संध्याकाळपर्यंत थांबणार होते. वेळेत पोचलं तर काठमांडूहून संध्याकाळचं भैरहवाचं छोटं विमान, तिथून तासाभरात घर.

वेळेत पोचलो नाही. मे महिन्यात दुपारनंतर त्या खोऱ्यावर गडगडाटी ढग जमतात, तसेच जमले होते. विमान घिरट्या घालायला लागलं. एक, दोन, पाच. मग मी मोजणं सोडलं.

आता जरा भूगोल सांगते. काठमांडू म्हणजे डोंगरांच्या कढईचा तळ, समुद्रसपाटीपासून तेराशेहून जास्त मीटर उंच. त्या तळात एकच धावपट्टी. १९४९ साली तिथे पहिलं विमान उतरलं तेव्हा ते गायरान होतं, नावच गौचर. १९५५ मध्ये राजा त्रिभुवनांचं नाव लागलं. गाई गेल्या, आजूबाजूला घरं उभी राहिली, पशुपतिनाथ हाकेच्या अंतरावर आहेच, पण धावपट्टी एक ती एकच. मोठी विमानं बहुतेक दक्षिणेकडूनच डोंगर ओलांडून खाली येतात. एक उतरल्याशिवाय, वळून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्यानं वर तरंगत राहायचं. पाऊस, धुकं, चैत्रातल्या वणव्यांचा धूर, काहीही आलं की सगळं वरच्या वर तुंबतं.

आणि नेपाळ म्हणजे एकदारी घर आहे. समुद्र नाही, बंदर नाही. ४ मार्च २०१५ ला एक तुर्की विमान धुक्यात उतरताना धावपट्टीवरून घसरून गवतात रुतलं, आणि त्या एका विमानापायी आंतरराष्ट्रीय वाहतूक चार दिवस ठप्प! ते हलवायची सामग्री त्यांच्याकडे नव्हती, आपल्या हवाई दलाच्या विमानानं नेऊन दिली. पुढे दोन महिने व्हायच्या आत, २५ एप्रिलला, भूकंप. सगळ्या जगाची मदत त्याच धावपट्टीवर. आठवडाभरात तिला इतक्या भेगा की मोठी विमानं बंद करावी लागली. त्याच वर्षाअखेरीस सीमेवर नाकाबंदी झाली (आपण म्हणतो आम्ही केली नाही, ठीक आहे). विमानाचं इंधनसुद्धा तिकडे आपल्याकडूनच टँकरनं जातं. तेव्हा परदेशी कंपन्यांना सांगायची पाळी आली, बाबांनो, इंधन येतानाच भरून आणा. एका वर्षात एवढं सगळं झेललेल्या माणसांना आपण रांगेवरून हसतोय.

तर आम्ही घिरट्या घालत होतो. मुलानं फोनवर नकाशा उघडलेला, निळा ठिपका मुंगीसारखा फिरतोय. त्यानं भैरहवावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दिदी, इथे आकाश मोकळं असेल. इथे उतरवत का नाहीत? इथेपण इंटरनॅशनल आहे."

आहेच की! इथेच माझं डोकं सटकतं. भैरहवाचं गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ, १६ मे २०२२ ला, बुद्धपौर्णिमेला सुरू झालं. लुंबिनीच्या शेजारी, आपल्या सीमेच्या इतकं जवळ की थोडं चुकलं तर उत्तर प्रदेशात. पहिल्या दिवशी कुवेतहून जझीरा एअरवेजचं विमान आलं, पाण्याचे फवारे, सत्कार, सगळं झालं. मग विमानं येईनाशी झाली. सुरू व्हायची, बंद पडायची. त्याच दिवशी आपले पंतप्रधानही लुंबिनीत होते बरं का. कुशीनगरहून हेलिकॉप्टरनं थेट गेले. शेजारचा नवाकोरा विमानतळ तसाच बाजूला राहिला.

कारण काय, तर आकाशातले रस्ते. जमिनीवर तुम्ही हवी तेवढी काँक्रीट ओता, वरचा रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून जातो. भारतातून नेपाळमध्ये शिरायचं मुख्य दार सिमरावर, म्हणजे पूर्वेच्या बाजूला. पश्चिमेकडून आलेल्या विमानानं आधी पुढे जायचं आणि मग मागे वळायचं, इंधन जाळत. महेंद्रनगर, नेपाळगंज, भैरहवा या बाजूंनी दार उघडा, असं ते वर्षानुवर्षं मागताहेत. आपण चहा देतो, फोटो काढतो, "सकारात्मक विचार करू" म्हणतो. गोरखपूरला आपल्या हवाई दलाचा तळ आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. मान्य. पण सुरक्षेचा प्रश्न सोडवायला किती पंचवार्षिक योजना लागतात?

आणि सगळं पाप आपल्याच माथी मारू नका, असं लगेच कुणीतरी खाली लिहील, म्हणून आधीच लिहिते. त्यांच्या राज्यकर्त्यांनी कमी घोळ घातलेले नाहीत. आकाशातला रस्ता हातात नसताना आधी धावपट्टी बांधली. एक नाही, दोन. पोखऱ्याची १ जानेवारी २०२३ ला उघडली, चीनच्या एक्झिम बँकेचं वीसेक कोटी डॉलरचं कर्ज काढून, चिनी कंपनीकडून बांधून. दिल्लीच्या कपाळाला आठी पडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्ही दोघी काठमांडूहून पोखऱ्याला विमानानंच गेलो. चकाचक इमारत, अन्नपूर्णा समोर, आणि आंतरराष्ट्रीय बाजूला शुकशुकाट. एखाद्यानं मुलीच्या लग्नासाठी हॉल बांधावा आणि स्थळच येऊ नये, तसं वाटलं मला.

त्याच पोखऱ्यात, उघडून पंधरा दिवस व्हायच्या आत, विमान पडलं आणि ७२ माणसं गेली. विमानतळाचा दोष नव्हता. पंखांचे फ्लॅप उघडायचे तिथे चुकून दुसरेच लिव्हर ओढले गेले आणि इंजिनं चालू असून पंख्यांचा जोरच गेला, असं चौकशीत निघालं. पण अशा चौकश्या तिथे किती झाल्या! आदल्याच वर्षी पोखऱ्याहून जोमसोमला, म्हणजे मुक्तिनाथच्याच वाटेवर, जाणारं छोटं विमान डोंगरावर आदळलं, २२ जण, त्यात आपल्या ठाण्याचं एक कुटुंब होतं. म्हणूनच आईनं आम्हाला शपथ घातली होती, पोखऱ्यापुढे विमान नाही, जीपनंच जायचं. हाडं खिळखिळी झाली पण शपथ पाळली. तेव्हा विमानं सुरक्षित आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. युरोपियन युनियननं २०१३ च्या डिसेंबरात तिथल्या सगळ्या कंपन्या काळ्या यादीत टाकल्या त्या उगाच नाही. विमानतळ चालवणारं खातं तेच आणि नियम मोडले की कान धरणारंही तेच. स्वतः पेपर लिहायचा, स्वतः तपासायचा. हे खातं दोन करा म्हणून वर्षं चाललंय, होत नाही, कारण खुर्च्याही दोन होतील आणि मलई वाटून घ्यावी लागेल.

बकऱ्याची गोष्ट सांगायचा मोह होतोय. २००७ मध्ये तिथल्या सरकारी विमान कंपनीचं बोइंग सारखं बिघडायचं, तर विमानासमोर दोन बकरे कापले, आकाशभैरवाला. ग्रुपवाल्यांना हे कळलं तर आणखी आठवडाभर पुरेल. पण आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडतो की नाही? मग?

शेवटी इंधन संपत आलं आणि आम्ही लखनौला गेलो. इंधन भरून, ढग विरायची वाट बघत दोन तास तसेच बसून. आता ऐका. लखनौहून त्याचं घर रात्रभराच्या बसच्या अंतरावर. सोनौलीची सीमा ओलांडली की भैरहवा, पुढे बुटवल. त्याला सीमेवर पासपोर्टसुद्धा लागला नसता. तो उठून हवाईसुंदरीला म्हणाला, मला इथेच उतरू द्या, सामान नको. तिनं फार चांगल्या शब्दांत सांगितलं, नियमात बसत नाही. तिचंही बरोबरच होतं. पण मी ते दृश्य विसरू शकत नाही. आपल्या देशात, आपल्या जमिनीवर, दार बंद असलेल्या विमानात एक मुलगा बसलाय, आणि त्याच्या घराकडे जाणारा रस्ता खिडकीतून दिसल्यासारखा.

मग त्यानं घरी फोन लावला. नेपाळी मला येत नाही, पण एवढं कळतं. थांबू नका म्हणाला. धाकट्या भावाला सांगा, अग्नी त्यानं द्यायचा. भाऊ तेरा वर्षांचा. फोन ठेवून तो ताईला म्हणाला, "बाबा पण आजोबांच्या वेळी पोचले नव्हते. तेव्हा देवगडला होते, आंबा उतरत होता." ताई रडायला लागली. तो रडला नाही.

काठमांडूला रात्री दहानंतर उतरलो. मी ज्या रांगेत उभी होते ती हीच, व्हिडिओतली. त्या रांगेतली माणसं बघा ना जरा नीट. कतार, दुबई, मलेशिया. देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा ही माणसं बाहेरून पाठवतात. याच विमानतळावर त्यांच्यातल्या काहींच्या लाकडी पेट्याही उतरतात, जवळजवळ रोज. ज्यांच्या पैशावर घर चालतं त्यांनाच घरात शिरायला एक दार, आणि बाकीची दोन दारं रंगवून, फीत कापून, जवळजवळ कुलूपबंद.

मला कुणी म्हणेल मग निजगढचा मोठा विमानतळ बांधू द्यायचा होता. सालाचं जंगल तोडून, चोवीस लाख झाडं असा अंदाज होता. २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. एक कलम तोडलं तर आमच्या घरात सुतक असल्यासारखं वाटतं, त्यामुळे मला न्यायालयाचं पटतं. पण बुटवलच्या त्या मुलाला मी हे कोणत्या तोंडानं सांगू, ते कळत नाही. असो.

आणि पुणेकरांनो, आपण कुणाला हसतोय? आपला लोहगाव हवाई दलाच्या अंगणात, २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी चौदा दिवस विमानतळच बंद होता, आठवतंय? पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ ची. सात गावांतली माणसं अजून बैठकांना जाऊन दमली. नवी मुंबईच्या विमानतळाची चर्चा सुरू झाली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, तिथून पहिलं विमान उडालं तेव्हा माझी मुलगी नोकरीला लागलेली. आणि आपल्याला तर समुद्र आहे, रेल्वे आहे, दहा दारं आहेत.

त्या रात्री तो मुलगा काठमांडूच्या कलंकीहून बुटवलची बस पकडायला निघाला. मधला रस्ता रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला, दहा तास तरी लागणार. जाताना म्हणाला, "देवगडला गेलात तर सांगा." कुणाला सांगू ते म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. नंबरही घेतला नाही. तीन वर्षं होत आली, अजून स्वतःवर चिडते.

इतकं लिहून मघाशी दूध आणायला खाली उतरले. गेटवर आपला माणूस होता. मला राहवेना, विचारलं, सकाळचा तो व्हिडिओ बघितलास का रे? म्हणाला, "बघितला मॅडम." तो आधी पाच वर्षं मलेशियात होता, हे मला आजच कळलं. मग जरा थांबून म्हणाला, "दुपारचा असेल. रात्री याच्या दुप्पट असते." आणि बी विंगच्या काकांचं पार्सल द्यायला लिफ्टकडे गेला.